टाकी कुठल्या बाजूला?

मंडळी, आज राजकारणावर लिहीत नाहीये. म्हणजे थोडंसं आहे, पण ते शेवटी येईल. आज विषय आहे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

गेल्या जुलैतली गोष्ट. चिपळूणचा जुलै म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. माझी स्विफ्ट गॅरेजला होती, म्हणून मावसभावाची पोलो घेऊन निघालो होतो. काटा खाली आलेला, म्हणून पंपावर वळलो आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं मशीन गाडीच्या डाव्या हाताला येईल अशी गाडी लावली. काच खाली केली, "दोन हजारचं टाका" म्हणालो, काच वर घेतली. पाऊस आत येत होता ना!

आरशात बघतो तर पंपावरची ताई नळी ओढत गाडीच्या मागून वळसा घालून पलीकडे चाललीय. पोलोची टाकी उजवीकडे. आणि मी गाडी अशी लावलेली, की उजवी बाजू बरोबर छपराच्या कडेला. वरची पन्हळ गळत होती, तिचं सगळं पाणी ताईच्या खांद्यावर. नळी जेमतेम पुरत होती, म्हणून तिला एका हातानं नळी ताणून धरायला लागत होती. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. मी आत कोरडा, एसी लावून बसलेलो.

पैसे देताना ओशाळून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी त्या बाजूनं घ्या. आणि तो बाण बघत जा."

"कसला बाण?"

"काट्याशेजारी बघा. पंपाचं चित्र असतं ना, त्याच्या बाजूला."

बघितलं. खरंच होता. तांदळाच्या दाण्याएवढा त्रिकोण, उजवीकडे टोक केलेला. घरी आल्यावर गॅरेजमधून आलेल्या माझ्या गाडीत बघितलं, तर तिथंही होता, डावीकडे टोक करून. इतकी वर्षं गाडी चालवतोय, जगातल्या सगळ्या विषयांवर इथं लांबलचक पोस्टी लिहितोय, आणि रोज डोळ्यासमोर असलेला बाण दिसला नव्हता.

मग डोक्यात किडा शिरला. हे कुणी ठरवलं? टाकी डावीकडे की उजवीकडे याचा काही नियम आहे का? वाचत गेलो, तर निघाला सव्वाशे वर्षांचा इतिहास. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती सांगण्यासाठी ही पोस्ट.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण पंपच नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्टा बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची मोटार चालवत माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, साधारण शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं, तेव्हा ते मिळालं कुठं? वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानात! कपड्यांवरचे डाग काढायला जे द्रव तिथं विकत, त्यावर ती गाडी चालायची. दुकानदारानं बाटल्या काढून दिल्या असतील आणि बाईंनी ओतल्या असतील. डावी बाजू, उजवी बाजू कुणाला पडलीय?

त्यानंतरही बरीच वर्षं पेट्रोल डब्यातूनच मिळायचं. डबा हातात असला की गाडीला कुठूनही वळसा घालता येतो. बाजूचा प्रश्न येतो तो नळी आल्यावर, कारण नळीला लांबी असते.

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. दीड कोटीवर गाड्या विकल्या गेल्या. तिची टाकी कुठं होती? पुढच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं म्हणजे आधी बसलेल्यांनी उतरायचं, गादी उचलायची आणि मग झाकण उघडायचं. काटा नव्हताच. लाकडी पट्टी टाकीत बुडवायची आणि किती ओली झाली ते बघायचं. आपल्याकडे रॉकेलच्या पिंपात काठी घालून बघायचे ना, तस्सं. दुसरी गंमत म्हणजे या गाडीत पेट्रोल इंजिनाकडे ओढून न्यायला पंप नव्हता. टाकी वर, इंजिन खाली, उतारानं पेट्रोल वाहत जाणार. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला की इंजिन टाकीच्या वर जायचं आणि गाडी बंद पडायची. लोक मग काय करायचे? गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. कल्पना करा, अख्खा कुंभार्ली घाट रिव्हर्समध्ये!

सीटखालच्या टाकीत दोष होतेच. पण पेट्रोल भरण्याचा त्रास कुणाला, हे बघा. मालकाला स्वतःला. बायको-मुलांना उतरवून चिखलात उभं करावं लागे. पुढच्या वीसेक वर्षांत मोटार उद्योगानं पेट्रोल ओढून घेणारी यंत्रणा गाड्यांत बसवली आणि टाकी निवांत मागे, खाली गेली. आता ती इंजिनापेक्षा वर असायची गरज उरली नाही.

तोवर रस्त्यावरही बदल झाले होते. आधी अमेरिकेत फूटपाथच्या कडेला पंप उभे राहिले, किराणा दुकानासमोर, हार्डवेअरच्या दुकानासमोर. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची आणि तिथंच भरायचं. अर्थातच मागे रांग आणि रस्ता तुंबलेला. १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्गमध्ये गल्फ कंपनीनं रस्त्यापासून आत, गाडी घेऊन शिरता येईल असा पंप उघडला. वर छप्पर, खाली फरसबंदी. पहिल्या दिवशी विक्री किती? ३० गॅलन, २७ सेंट गॅलननं. म्हणजे आजच्या हिशेबात शंभर-सव्वाशे लिटर. आज आपला पंप दिवाळीच्या सकाळी तेवढं पाच मिनिटांत विकतो.

आत शिरायचा पंप आला म्हणजे मशीनच्या दोन्ही बाजूंना गाडी लावता येऊ लागली. आणि इथं "टाकी कुठल्या बाजूला" हा प्रश्न जन्माला आला.

गंमत अशी, की अमेरिकन कंपन्यांनी या प्रश्नाचं एक झकास उत्तर शोधलं होतं: टाकीचं तोंड मधोमध ठेवायचं. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या लांबलचक अमेरिकन गाड्या आठवा, जुन्या इंग्रजी सिनेमात असतात त्या. त्यातल्या कितीतरी गाड्यांत मागची नंबर प्लेट खाली ओढली की मागे टाकीचं झाकण. गाडी मशीनच्या डावीकडे लावा नाहीतर उजवीकडे, नळी पुरतेच. भांडणच मिटलं.

अर्थात सगळेच इतके शहाणे नव्हते. १९४१ च्या कॅडिलॅकमध्ये झाकण मागच्या दिव्याखाली लपवलं होतं, दिवा वर उचलायचा की आत तोंड. १९५७ च्या शेव्हर्लेमध्ये ते डाव्या शेपटीच्या चकचकीत पट्टीमागे. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये इंजिन मागे आणि टाकी पुढे, त्यामुळे १९६७ पर्यंत पेट्रोल भरायला पुढचं बोनेट उघडायला लागायचं, जिथं सामानही ठेवायचं. ब्रिटिशांच्या जॅग्वार एक्सजेला तर दोन टाक्या, दोन्ही बाजूंना एकेक झाकण. श्रीमंतांचं उत्तर ते. कुठली बाजू? दोन्ही!

मग मधोमधचं तोंड गेलं कुठं? इतकी सोय होती तर बंद का केलं?

इथं गोष्ट गंभीर होते.

मधोमध, मागे तोंड म्हणजे साधारणपणे टाकीही मागेच, मागच्या अॅक्सल आणि बंपरच्या मधे. म्हणजे मागून कुणी धडकलं की पहिला मार टाकीवर. १९७० सालापासून फोर्डनं पिंटो नावाची छोटी, स्वस्त गाडी विकायला काढली. तिचं झाकण बाजूला होतं, पण टाकी मात्र तिथंच, अॅक्सलच्या मागे. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाऊन अॅक्सलच्या बोल्टांवर फाटू शकत होती, आणि झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा पाइप टाकीतून उपसून येऊ शकत होता. पेट्रोल बाहेर, एक ठिणगी, संपलं.

१९७२ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात एक पिंटो महामार्गावर बंद पडली आणि मागून गाडी धडकली. पेट घेतला. गाडी चालवणाऱ्या लिली ग्रे वारल्या. शेजारी बसलेला तेरा वर्षांचा रिचर्ड ग्रिमशॉ भयंकर भाजला, पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर शस्त्रक्रिया होत राहिल्या. खटला झाला. १९७८ साली ज्यूरीनं भरपाईशिवाय साडेबारा कोटी डॉलरचा दंडात्मक निकाल दिला. न्यायाधीशांनी तो दंड ३५ लाखांवर आणला, आणि १९८१ साली वरच्या कोर्टानं तो कायम ठेवला.

या प्रकरणावर व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतो, तुम्हीही वाचला असेल. की फोर्डनं हिशेब मांडला, गाडीमागे ११ डॉलर खर्च करण्यापेक्षा पिंटोत मेलेल्यांना पैसे देणं स्वस्त पडेल, म्हणून माणसं मरू दिली. हे अर्धं खरं आहे. असा हिशेबाचा कागद होता, १९७३ सालचा. एका पारड्यात १ कोटी २५ लाख गाड्या गुणिले ११ डॉलर, म्हणजे पावणेचौदा कोटींच्या आसपास. दुसऱ्या पारड्यात १८० मृत्यू, १८० भाजलेले, २,१०० जळालेल्या गाड्या, मिळून साडेचार-पाच कोटी. पण तो कागद पिंटोबद्दल नव्हता. मागून धडक बसण्याबद्दलही नव्हता. गाडी उलटल्यावर होणाऱ्या गळतीबद्दल होता, अमेरिकेतल्या सगळ्या गाड्या धरून, आणि सरकारी खात्याला सादर करायला केलेला होता. आणि एका जिवाची २ लाख डॉलर ही किंमत? ती सरकारी खात्यानंच काढलेली होती.

मला विचाराल तर खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे. फॉरवर्डमध्ये एक दुष्ट कंपनी आहे, तिला शिव्या घातल्या की आपण मोकळे. खऱ्या गोष्टीत कंपनीही आहे, सरकारही आहे, दोघांच्या टेबलावर तोच तक्ता आहे आणि त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणी भाजणार नाहीये.

१९७८ च्या जूनमध्ये फोर्डनं पिंटो आणि तिची जुळी बहीण बॉबकॅट अशा १५ लाख गाड्या परत बोलावल्या. सरकारी तपासात मागच्या धडकेनं लागलेल्या आगीत पिंटोतले २७ मृत्यू मोजले गेले होते. दुरुस्ती काय केली? टाकी आणि अॅक्सलच्या मधे प्लास्टिकचं एक कवच, आणि सहज उपसून येणार नाही असा जास्त लांब पाइप. बस्स, एवढंच. दरम्यान अमेरिकेतला नियमही कडक झाला होता. १९७७ च्या मॉडेलपासून मागून ताशी ३० मैलांनी, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरनं, धडक दिली तरी पेट्रोल ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त गळता कामा नये.

मग हळूहळू टाकी अॅक्सलच्या पुढे, मागच्या सीटखाली सरकली. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या वाढल्या, त्यामुळे तिथं जागाही झाली. गाडीचा मागचा भाग धडकेत चुरगळण्यासाठी मोकळा ठेवायचा असं ठरलं. झाकण आलं मागच्या चाकाच्या वर, कुशीत. आज आपण जिथं बघतो तिथं. नंबर प्लेटमागचं मधोमध तोंड ऐंशीच्या दशकात मागे पडत गेलं. आपण सुरक्षितता घेतली आणि बदल्यात "कुठली बाजू?" हा प्रश्न परत घेतला. सौदा चांगलाच होता, माझी तक्रार नाही.

पण बाजू कुठली, हे मात्र कुणीच ठरवलं नाही. युरोपच्या नियमात टाकीचं तोंड कुठं नसावं ते लिहिलंय: माणसं बसतात तिथं नको, सामानाच्या डिकीत नको, इंजिनाच्या खोलीत नको. बाजूला असेल तर बंद केल्यावर झाकण गाडीच्या अंगाबाहेर येता कामा नये. डावं की उजवं, याची सक्ती नाही. अमेरिकेच्या नियमातही नाही.

तरी गाड्यांत एक कल दिसतो. जर्मन गाड्यांची टाकी बहुतेक उजवीकडे, जपानी गाड्यांची बरीचशी डावीकडे. यामागचं जे कारण सांगितलं जातं ते पटण्यासारखं आहे. जर्मनीत वाहतूक उजवीकडून चालते. रस्त्यात पेट्रोल संपलं, गाडी कडेला घेतली आणि कॅननं भरायची वेळ आली, तर माणूस उजवीकडे, म्हणजे कडेच्या बाजूला उभा राहतो. जपानात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, म्हणून कडेची बाजू डावी. मुंबई-गोवा हायवेला रात्री गाडी कडेला लावून बाटलीनं पेट्रोल ओतलेल्यांना याचं महत्त्व कळेल. अंगाला घासून ट्रक जातो ना, तेव्हा. अर्थात अपवाद भरपूर आहेत. सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, स्टेपनी कुठं बसवलीय, सरकता दरवाजा कुठल्या बाजूला आहे, यावरही बरंच ठरतं.

आता आपल्याकडे काय झालं बघा. कंपन्या स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेतात, पण टाकीची बाजू सहसा बदलत नाहीत. कारण त्यासाठी पत्र्याचे साचे, पाइप, सगळंच बदलायला लागेल. त्यामुळे प्रत्येक गाडी आपल्या माहेरची सवय घेऊन आली. स्विफ्ट २००५ साली आपल्याकडे आली ती डावीकडची टाकी घेऊन. पोलो २०१० पासून इथं विकली गेली, बनायची आपल्या चाकणला, पण टाकी उजवीकडे, जर्मनीत असते तश्शी. म्हणजे गाडी मराठी मातीत जन्मली, पण टाकीची बाजू जर्मनीच्या रस्त्यावरून ठरली. आपल्या डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर पोलोत कॅननं पेट्रोल भरायचं तर माणूस वाहतुकीच्या बाजूला उभा. हे कुणी मुद्दाम केलं नाही. कुणी विचारच केला नाही, एवढंच.

याचा एक फायदाही आहे, तो कबूल करायला हवा. सगळ्या गाड्यांच्या टाक्या एकाच बाजूला असत्या, तर पंपावर मशीनच्या एका बाजूला मैलभर रांग आणि दुसरी बाजू मोकळी. सरमिसळ आहे म्हणून दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक आहे. नियम नसूनही कधीकधी बरं चालतं.

आता त्या बाणाकडे येऊ. तो कुठून आला?

१९८६ चा एप्रिल. फोर्डमध्ये जेम्स मॉयलन नावाचा माणूस काम करायचा, गाडीच्या आतल्या सजावटीच्या विभागात. एका मीटिंगला जायला कंपनीची गाडी घेतली, पेट्रोल भरायला थांबला, आणि बाजू चुकली. पाऊस पडत होता. भिजला. परत आल्यावर त्यानं साहेबांना एक छोटं टिपण लिहिलं: पेट्रोलच्या काट्याशेजारी टाकीची बाजू दाखवणारी एक खूण छापा, खर्च जवळजवळ काही नाही, लोकांची सोय होईल. १९८९ च्या मॉडेलपासून फोर्डच्या गाड्यांवर तो बाण आला. नंतर इतर कंपन्यांनी उचलला आणि आज तो जगभर आहे.

(जाता जाता: दुसरा एक फॉरवर्ड सांगतो की काट्याशेजारच्या पंपाच्या चित्रात नळी ज्या बाजूला, टाकी त्या बाजूला. साफ चूक. चित्रातली नळी कुठंही असते. बघायचा तो फक्त बाण.)

आता माझा मुद्दा. गाड्यांना नळीनं पेट्रोल भरायला लागून तोवर सत्तर-ऐंशी वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कंपन्यांत हजारो इंजिनिअर होऊन गेले. हा बाण १९८६ पर्यंत कुणाला का नाही सुचला? काय रॉकेट सायन्स होतं त्यात?

मला वाटतं उत्तर साधं आहे. आधी अमेरिकेतही पंपावर पोरगा यायचा, पेट्रोल भरायचा, काचा पुसायचा. गाडीवाला आत बसलेला असायचा. बाजू चुकली तर वळसा पोरगा घालायचा, पावसात भिजायचा तोही पोरगाच. सत्तरच्या दशकात तिथं स्वतः उतरून पेट्रोल भरायची पद्धत पसरली. (न्यू जर्सी राज्यात मात्र १९४९ च्या कायद्यानं गाडीवाल्यानं स्वतः भरायला आजही बंदी आहे.) म्हणजे पहिल्यांदा गाडी वापरणारा स्वतः भिजायला लागला. आणि एक दिवस गाडी बनवणाऱ्या कंपनीतलाच माणूस भिजला. मग बाण आला.

मॉयलन हुशार होता, चांगला होता, यात शंका नाही. पण त्याच्याआधी भिजलेली हजारो पोरं काय कमी हुशार होती? त्यातल्या कितीजणांना हीच युक्ती सुचली असेल. त्यांनी टिपण लिहायचं कुणाला? त्यांना साहेब होता तो पंपाचा मालक, फोर्डचा नव्हे.

सीटखालची टाकी: त्रास मालकाला, ती गेली. पिंटोची टाकी: त्रास भलत्याला, त्यासाठी मुडदे, वर्तमानपत्रं, ज्यूरी आणि कायदा इतकं सगळं लागलं. बाण: साहेब भिजला, काम झालं. सगळीकडे एकच हिशेब आहे. ठरवणारा आणि सोसणारा एकच माणूस असला की सुधारणा तीन वर्षांत होते. वेगळे असले की पिढ्या जातात.

आपल्याकडे आजही ताई भिजते. म्हणून मला पंधरा वर्षं बाण दिसला नाही. मला त्याची गरजच नव्हती ना!

आता म्हटलं होतं ते थोडंसं राजकारण.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या. परत कोरी पाटी होती, आपण पहिल्यापासून नीट मांडणी करू शकत होतो. झालं काय? एमजीच्या झेडएस आणि ह्युंदाईच्या कोनामध्ये चार्जिंगचं तोंड गाडीच्या नाकावर. टाटाच्या नेक्सॉनमध्ये पेट्रोलचं झाकण असतं तिथंच. टेस्लाचं मागे डावीकडे, दिव्याशेजारी. अमेरिकेत टेस्लानं आपले चार्जर आपल्याच गाडीच्या मापानं बांधले, आखूड वायरीचे. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांना ते खुले केले, तेव्हा त्या गाड्या आडव्यातिडव्या उभ्या करून दोन-दोन जागा अडवायला लागल्या. आता नव्या चार्जरना लांब वायर देतायत. शंभर वर्षांनी तीच नळी, तीच लांबी.

आपल्याकडे २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत किमान एक चार्जिंग स्टेशन, महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. चांगलं आहे, हवंच. पण किती आणि किती अंतरावर हे मोजणं सोपं असतं. उद्घाटनाच्या फोटोत तेच येतं. गाडी तिथं लागते कशी, हे फोटोत दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका गावी (नाव लिहीत नाही, भांडण नकोय) शाळेतल्या आमच्या सरांबरोबर गेलो होतो. सर सत्तरीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलानं हौसेनं इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिलीय. सार्वजनिक पार्किंगमध्ये चार्जर भिंतीला लावलेला, गाडी नाक पुढे करून घालायची अशी आखणी, आणि सरांच्या गाडीचं तोंड मागे. वायर पुरेना. मग मागेपुढे करत गाडी उलटी घातली, तर चार्जरच्या बाजूला खांब, दरवाजा अर्धाच उघडला. त्या फास्ट चार्जिंगच्या वायरी जड असतात, पेट्रोलच्या नळीसारख्या नाहीत. वर छप्पर नाही, खाली शेवाळ. इथं भरून द्यायला ताईसुद्धा नाही. सर एका हातात काठी आणि एका हातात ती वायर घेऊन उभे. मी पुढे झालो म्हणून निभावलं. एकटे असते तर?

तो चार्जर बसवायचा आराखडा ज्यानं केला, त्यानं स्वतः एकदा तरी तिथं गाडी लावून बघितली असेल का? मला नाही वाटत.

पुढच्या काही वर्षांत आपल्या गावातही हे होणार आहे. बस स्टँडजवळ होईल, बाजारपेठेत होईल, हायवेला होईल. पैसा सरकारी असो की खाजगी, जागा बहुतेक सार्वजनिक असेल. तेव्हा आपल्या नगरसेवकांना, मुख्याधिकाऱ्यांना, ठेकेदाराला विचारायचे प्रश्न सोपे आहेत. गाडीचं तोंड पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कुठंही असलं तरी वायर पुरेल का? एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येईल अशी निदान एक जागा आहे का? वर छप्पर आहे का? काठी टेकत येणाऱ्या माणसाला चार्जरपर्यंत जाता येतं का? आणि शेवटचा: उद्घाटनाच्या आधी साहेबांनी स्वतः, भर पावसात, एकदा गाडी लावून वायर जोडून दाखवली का?

हा शेवटचा प्रश्न मी चेष्टेनं लिहिलेला नाही.

तोवर एक काम आपल्या हातातलं. गाडीत बसाल तेव्हा काट्याशेजारचा तो त्रिकोण बघून ठेवा आणि पंपावर त्याच बाजूनं घ्या. रांग असली तर पाच मिनिटं जास्त थांबा. परवा मी परत त्याच पंपावर गेलो होतो, स्विफ्ट घेऊन, मशीन बरोबर डाव्या हाताला ठेवून. ताईनं ओळखलं. नळी लावता लावता म्हणाली, "आज बरोबर लावलीत."

छपराची पन्हळ मात्र अजून गळतेय. मालकांना सांगून आलोय.